व्हाइट सॉक्स २०२६: हरून मिळवण्यासारखं आता काही उरलेलं नाही

दक्षिणबाजू (धागाकर्ता)

अ‍ॅरिझोनात ग्लेनडेलच्या कॅमलबॅक रँचवर पिचर आणि कॅचर जमलेत, तेव्हा शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाच्या यंदाच्या हंगामाचा धागा काढतो. मागच्या तीन वर्षांचा हिशोब असा: २०२३ मध्ये ६१ विजय आणि १०१ पराभव, २०२४ मध्ये ४१-१२१, २०२५ मध्ये ६०-१०२. मधल्या वर्षीचे १२१ पराभव हा १९०० नंतरचा उच्चांक. त्यात सलग २१ पराभवांची एक रांगही होती.

संघ मोडून पुन्हा बांधायचा तर हरावंच लागतं, हरल्यावर ड्राफ्टमध्ये (नव्या पोरांच्या निवडीत) वरचा नंबर लागतो, हे वाक्य आता सगळ्यांना पाठ झालंय. यंदा ते लागू होत नाही. माझ्या मते या हंगामाबद्दल सगळ्यात आधी समजून घ्यायची गोष्ट हीच, म्हणून नियम नीट लिहितो.

प्लेऑफला न गेलेल्या १८ संघांची सोडत निघते आणि तिच्यात ड्राफ्टचे पहिले सहा नंबर ठरतात. पण जे संघ सामायिक महसुलात पैसे भरतात त्यांना लागोपाठ दोन वर्षं सोडतीतला नंबर मिळत नाही. दुसऱ्या वर्षी दहाव्याच्या वर त्यांना जाताच येत नाही. सॉक्स पैसे भरणाऱ्यांपैकी आहेत. २०२४ ला पाचवा नंबर लागला (हेगन स्मिथ), म्हणून १२१ सामने हरूनही २०२५ ला दहाव्यावर थांबावं लागलं (बिली कार्लसन). गेल्या डिसेंबरच्या सोडतीत २०२६ चा पहिला नंबर लागला. त्यामुळे २०२७ ला पुन्हा दहावा किंवा त्याच्याही खाली.

थोडक्यात, यंदा ५८ जिंकले काय आणि ७३ जिंकले काय, ड्राफ्टमध्ये फरक जेमतेम पडणार. मग जिंकायलाच खेळलं पाहिजे. जुलैमध्ये बुलपेनमधला (सामन्याच्या उत्तरार्धात येणारा) बरा पिचर विकून 'भविष्यासाठी' कुणी एकोणीस वर्षांचा पोरगा आणला, तर यंदा त्याला माझा पाठिंबा नाही.

माझा आकडा ७२ विजय. तुमचा सांगा, कारणासकट.

गणिती

७२ अजिबात फाजील नाही. धावांवरून विजयांचा अंदाज काढायची साधी रीत आहे: केलेल्या धावांचा वर्ग, भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. येतो तो आकडा गुणिले १६२.

२०२४ घ्या. केल्या ५०७, दिल्या ८१३. वर्ग २,५७,०४९ आणि ६,६०,९६९. भागाकार ०.२८, म्हणजे साधारण ४५ विजय. प्रत्यक्षात ४१. तो संघ खरोखरच तेवढा वाईट होता, नशिबाला बोल लावायला जागा नव्हती.

२०२५ ला धावा साडेसहाशेच्या आसपास आणि दिल्या सुमारे ७४०. याच रीतीने ७० विजय निघतात. झाले ६०. दहाचा फरक फार मोठा आहे, आणि तो गेला कुठे हेही दिसतं: एका धावेच्या फरकाने संपलेल्या सामन्यांत १५ विजय, ३६ पराभव.

यातला काही भाग निव्वळ दैव, तो आपोआप सरळ होईल. पण सगळा नाही. आठव्या-नवव्या इनिंगला एका धावेची आघाडी असताना चेंडू हातात घेणारा माणूसच ठरलेला नव्हता. आज एक, उद्या दुसरा, आणि पहिल्याच बॅटरला वॉक (चार बॉल पडून फुकटचा बेस). आता सेराँथनी डोमिंगेझला दोन वर्षांसाठी घेतलंय. त्याचा वेग चांगला आहे, पण वॉक फार देतो. ग्रँट टेलर तर शंभर मैलांच्या वर टाकतो. या दोघांच्या आधी जॉर्डन लेझर आणि दोन-तीन इनिंग ओढणारा माइक वासिल. कागदावर तरी ही साखळी गेल्या वर्षीपेक्षा घट्ट आहे.

माझा आकडा ६९. तीन कमी का, ते खालच्या कुणाच्या तरी प्रतिसादात येईलच: सेंटर फील्ड.

पहाटेचा_चहा

धागा आवडला. क्रिकेटच्या बाजूने येणाऱ्यांसाठी दोन प्रश्न. मुराकामीबद्दल सगळीकडे 'वेगवान चेंडू लागत नाही' असं म्हणतात. ५६ होमरन मारणाऱ्याला वेग कसा लागत नसेल? आणि भारतातून सामने कधी बघायचे?

डावखुरी

वेळा आधी. घरच्या मैदानावरचे रात्रीचे सामने गेल्या वर्षी तिथल्या ६:४० ला सुरू व्हायचे, म्हणजे आपल्याकडे पहाटे ५:१०. दुपारी १:१० चा सामना आपल्याकडे रात्री ११:४० ला.

आता मुराकामी. मुनेताका मुराकामीने २०२२ मध्ये याकुल्ट स्वॉलोजकडून ५६ होमरन मारले, सरासरी, होमरन आणि धावा आणणं या तिन्ही यादींत पहिला आला, तेव्हा तो फक्त २२ वर्षांचा होता. सॉक्सनी त्याला दोन वर्षांसाठी ३४ दशलक्ष डॉलर दिले. शिवाय त्याच्या जपानी क्लबला सोडवणुकीची रक्कम: पहिल्या २५ दशलक्षांवर २० टक्के म्हणजे ५, उरलेल्या ९ वर साडेसतरा टक्के म्हणजे १.५७५. एकूण ६.५७५ दशलक्ष. अशा ताकदीच्या बॅटरला बाजारात याच्या तिप्पट-चौपट मिळायला हवे होते. मिळाले नाहीत, त्याचं कारण तुमच्या पहिल्या प्रश्नात आहे.

पिचरची पट्टी प्लेटपासून (बॅटर उभा असतो तिथून) १८.४४ मीटर, म्हणजे आपल्या २०.१२ मीटरच्या खेळपट्टीपेक्षा कमी. चेंडू टप्पा घेत नाही. ९५ मैल म्हणजे ताशी १५३ किलोमीटरचा चेंडू सुमारे ०.४ सेकंदात पोचतो. जपानमध्ये असा वेग अधूनमधून दिसतो, इथे सातव्या इनिंगला येणारा अनोळखी पिचरसुद्धा तो टाकतो. मुराकामीची बॅट लांबून फिरते. त्यामुळे चेंडूला लागली तर चारशे फूट, पण छातीच्या उंचीवरच्या वेगवान चेंडूखालून निघून जाते. त्याला सावरण्यासाठी तो लवकर निघाला की पुढच्याच चेंडूवर खाली पडणारा स्प्लिटर त्याला फसवतो. पिचर हे दोन चेंडू आलटून पालटून टाकणार, त्यात शंका नाही.

उपाय काय? पाय उचलण्याची क्रिया आखूड करणं, हात शरीराजवळून सुरू करणं, आणि छातीजवळचा चेंडू सोडून द्यायला शिकणं. तिसरी गोष्ट त्याला बऱ्यापैकी येते, वॉक तो भरपूर घेतो. म्हणून मला आशा आहे. सरासरी .२२०, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) तीस टक्क्यांच्या वर, आणि तरीही २८-३० होमरन, असा हंगाम मला दिसतो. तेवढ्यावर फर्स्ट बेसचा प्रश्न सुटतो.

खरी काळजी निराळीच आहे. मुराकामी, कोल्सन माँटगोमेरी, काइल टील, बेनिनटेंडी: चौघेही डावखुरे. आपल्याच विभागात डेट्रॉइटचा तारिक स्कूबल डावखुरा, २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षी सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्यालाच. कॅन्सस सिटीचा कोल रेगन्स डावखुरा. डावखुऱ्या बॅटरला डावखुऱ्या पिचरचा चेंडू पाठीमागून आल्यासारखा वाटतो आणि स्लायडर बॅटपासून दूर पळतो. अशा दिवशी उजव्या बाजूने कोण? मिगेल व्हार्गास, चेस मायड्रॉथ, लेनिन सोसा, आणि दोन्ही हातांनी खेळणारा एडगर केरो. सोसाने गेल्या वर्षी संघात सर्वाधिक २२ होमरन मारले, पण तो वॉक घेतच नाही. एक दणकट उजवा आउटफिल्डर हवा.

चेंडूफळी

डावखुरीताई, तुम्ही डावखुऱ्यांची गर्दी म्हणता ती बरोबर आहे. गेल्या वेळी संघ नव्याने बांधला तेव्हा नेमकं याच्या उलट झालं होतं, आणि ती चूक इथे पुन्हा मांडली पाहिजे, कारण यंदाची आशा त्याच मापाने मोजायची आहे.

डिसेंबर २०१६ मध्ये क्रिस सेलला बॉस्टनला देऊन मोंकाडा आणि कोपेक आणले. त्याच महिन्यात अ‍ॅडम ईटनच्या बदल्यात जिओलितो, लोपेझ आणि डनिंग. जुलै २०१७ मध्ये किंताना शेजारच्या कब्जला दिला आणि एलॉय हिमेनेझ व डिलन सीज मिळाले. इतका मोठा साठा दुसऱ्या कुठल्याही संघाकडे नव्हता. पोरांना लवकर बांधूनही टाकलं: एलॉयला एकही सामना खेळायच्या आधी सहा वर्षांचे ४३ दशलक्ष, लुईस रॉबर्टला सहा वर्षांचे ५०, मोंकाडाला पाच वर्षांचे ७०. २०२१ मध्ये ९३ विजय, विभागात पहिला नंबर.

आणि हाती काय लागलं? २०२० आणि २०२१ मिळून प्लेऑफमधले फक्त दोन सामने जिंकले. एक ओकलंडविरुद्ध, एक ह्यूस्टनविरुद्ध. त्यानंतर घसरण.

कारणं तीन. पहिलं, जवळजवळ सगळी बॅटिंग उजवी. दुसरं, फर्स्ट बेसला शोभणारी माणसं आउटफिल्डला उभी केली (व्हॉन, शीट्स), त्यामुळे सहज पकडता येणारे चेंडू गवतावर पडले आणि पिचरचे आकडे बिघडले. तिसरं आणि सगळ्यात मोठं म्हणजे पहिल्या नऊ जणांच्या मागे कुणी नव्हतं. एलॉय, रॉबर्ट, मोंकाडा आळीपाळीने जखमी झाले आणि त्यांच्या जागी जे आले ते मायनर लीगच्या दर्जाचे. वरचे हिरे विकत घेतले होते, खालचा पायाच भरलेला नव्हता.

यंदा पाया बरा दिसतो. पिचर गॅरेट क्रोशेच्या बदल्यात आलेल्या चौघांपैकी टील आणि मायड्रॉथ संघात पक्के, विकेलमन गोन्झालेझ बुलपेनमध्ये, ब्रेडन माँटगोमेरी वाटेवर. शेन स्मिथ तर रूल फाइव्हमधून आला. त्या नियमात एक लाख डॉलर भरून दुसऱ्याचा पोरगा घ्यायचा, पण पूर्ण हंगाम २६ जणांत ठेवायचा. खाली पाठवायचं ठरलं तर आधी मूळ संघाला ५० हजारांत परत देऊ करायचा. बहुतेक संघ अशा पोराला बुलपेनच्या कोपऱ्यात झाकून ठेवतात. सॉक्सनी त्याला थेट सुरुवातीचा पिचर केलं, त्याने १४६ इनिंग टाकल्या आणि ऑल-स्टार संघात गेला. १०२ सामने हरणाऱ्या संघालाच असं करून बघायची मुभा असते, आणि तिचा इतका चांगला उपयोग क्वचितच होतो.

माझा आकडा ७०.

खांदा_कोपर

शेन स्मिथच्या १४६ इनिंगचं कौतुक आहेच, पण त्याने एका हंगामात एवढं याआधी कधी टाकलेलं नव्हतं, हेही लक्षात ठेवा. दुसऱ्या वर्षी चेंडूचा वेग मैल-दीड मैलाने उतरला तर तो पहिला इशारा. एप्रिलच्या थंडीत वेग तसाही कमी असतो, म्हणून मे महिन्याचे आकडे बघा.

पिचरांची यादी लांब दिसते, पण तिच्यात दुरुस्त होऊन येणारे बरेच. ड्रू थॉर्प आणि काय (Ky) बुश दोघांची २०२५ च्या सुरुवातीला कोपराच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झाली. साधारण क्रम असा: मनगटातला किंवा मांडीमागचा स्नायुबंध काढून कोपरात बसवतात, चार-पाच महिन्यांनी हलकी चेंडूफेक, आठ-नऊ महिन्यांनी मातीच्या उंचवट्यावरून, मग सरावात बॅटरसमोर, मग मायनर लीगचे सामने. एकूण १४ ते १८ महिने. म्हणजे थॉर्प उन्हाळ्याच्या मध्यावर. आणि आल्या आल्या चेंडू हवा तिथे पडत नाही, वेग आधी परततो, अचूकपणा नंतर. पुढच्या वर्षाची भर म्हणून त्याच्याकडे बघावं.

नोआ शुल्ट्झ (डावखुरा, जवळजवळ पावणेसात फूट उंच) गेल्या वर्षी गुडघ्याने बेजार होता. एवढ्या उंच पिचरचा पाय जमिनीवर नीट रोवला गेला नाही की हात उशिरा येतो आणि चेंडू वर राहतो. त्याचे वॉक का वाढले, ते गुडघ्यातच शोधा. हेगन स्मिथचा त्रास वेगळा: स्लायडर अफलातून, पण चेंडू सोडण्याची जागा दर इनिंगला बदलते. दोघांनाही शार्लटमध्ये (सॉक्सचा ट्रिपल-ए संघ, मोठ्या संघाच्या लगेच खालची पायरी) दोन महिने पूर्ण खेळू द्यावेत. लोक ओरडतील, तरी घाई नको.

एप्रिलचा भार स्मिथ, डेव्हिस मार्टिन, शॉन बर्क आणि योकोहामाकडून खेळून परतलेला अँथनी के यांच्यावर. चौघांपैकी एक जरी मोडला तरी पुढचा माणूस तयार नाही. म्हणून ६७.

पस्तिसावा_रस्ता

लुईस रॉबर्टला मेट्सना दिला यावर कुणीच बोलेना. माझ्या मते घाई झाली. २०२३ मध्ये ३८ होमरन मारणारा सेंटर फील्डर आहे तो. गेल्या वर्षी सरासरी .२२३ असूनही ३३ बेस चोरले. बदल्यात काय, तर लुईसआंजेल अकुन्या आणि एक मायनर लीगचा पिचर. अकुन्या मुळात इनफिल्डचा खेळाडू. सेंटर फील्ड पळण्याने सांभाळेल, पण बॅटला जोर नाही.

दक्षिणबाजू

पस्तिसावा_रस्ता, रॉबर्ट गेल्याचं मलाही वाईट वाटलं, पण घाई झाली असं नाही म्हणणार. घाई नाही, उशीर झाला. त्याची खरी किंमत २०२३ च्या हंगामानंतर होती, करार चार वर्षांचा शिल्लक आणि ३८ होमरन ताजे. त्यानंतर २०२४ ला १०० आणि २०२५ ला ११० सामने. मांडीच्या आणि कंबरेजवळच्या स्नायूंनी दर वर्षी दगा दिला. यंदाचे २० दशलक्ष मेट्सनी पूर्ण उचलले, त्यामुळे बुलपेनवर खर्च करायला हात मोकळा झाला.

पैशाबद्दल मात्र माझी तक्रार कायम. या क्लबच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार बेनिनटेंडीचा, पाच वर्षांचे ७५ दशलक्ष. देशातल्या तिसऱ्या मोठ्या शहराचा संघ आहे हा. कॅन्सस सिटी बघा: २०२३ ला ५६-१०६, त्यानंतरच्या थंडीत लूगो आणि वाका हे दोन पिचर घेतले, बॉबी विटला ११ वर्षांसाठी २८८.७ दशलक्षांना बांधलं, आणि २०२४ ला ८६-७६ करून प्लेऑफ गाठला. लहान शहर असून. इकडे राइन्सडॉर्फ १९८१ पासून मालक आहेत आणि जस्टिन इशबियांकडे ताबा जायचा तो २०२९ च्या आधी नाही. शिवाय खेळाडू आणि मालकांमधला करार यंदा १ डिसेंबरला संपतोय, टाळेबंदीची भीती आहे. अशा वेळी मालक मंडळी हात आखडतात. कोल्सन माँटगोमेरीला लांब मुदतीचं बांधायचं असेल तर ते या उन्हाळ्यात, डिसेंबरच्या आधी. तो रोज महाग होत जाणार.

गणिती

माँटगोमेरीबद्दल थोडी सबुरी. ७१ सामन्यांत २१ होमरन हा वेग वर्षभर टिकवला तर ४८ होतात, तसं होणार नाही. स्ट्राइकआउट २९ टक्क्यांच्या जवळ आहेत. पण घसरण झाली तर काय करायचं हे त्याला ठाऊक आहे, ही जमेची बाजू. गेल्या एप्रिलमध्ये शार्लटला त्याची बॅट पूर्ण बिघडली होती, तेव्हा सामने थांबवून त्याला अ‍ॅरिझोनाला पाठवलं, बॅटिंगचे संचालक रायन फुलर यांच्याबरोबर बॅट फिरवण्याची सुरुवात नव्याने बसवली आणि ४ जुलैला तो मोठ्या संघात होता. अशी दुरुस्ती संघाने वेळेवर ओळखली, याचं मला जास्त अप्रूप.

यष्टीमागे

कॅचरचा विषय राहिला. यंदापासून स्ट्राइक-बॉलच्या निर्णयावर दाद मागता येणार, आपल्या डीआरएससारखी. प्रत्येक संघाला दोन संधी, दाद बरोबर ठरली तर संधी शिल्लक राहते. फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचर मागू शकतो, डगआउटकडे बघून नाही. टोपीवर किंवा हेल्मेटवर हात थोपटायचा, लगेच.

रेघा बॅटरच्या उंचीवरून ठरतात: वरची ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर, रुंदी प्लेटची १७ इंच. ६ फूट ३ इंचाच्या बॅटरला वरची रेघ साधारण ४० इंचांवर, खालची सव्वावीसवर. ५ फूट ८ इंचाच्याला ३६.४ आणि १८.४. चेंडूची कड लागली तरी स्ट्राइक. कॅचरला दर बॅटरमागे ही चौकट मनात हलवायची आहे, आणि चुकीची दाद पहिल्या इनिंगला उधळली तर आठव्याला हात रिकामे.

टील आणि केरो दोघेही तरुण. पण केरो गेल्या वर्षी एप्रिलपर्यंत आणि टील जूनपर्यंत शार्लटला होते, आणि ट्रिपल-ए मध्ये ही पद्धत आधीपासून होती. म्हणजे दोघांचे हात सरावलेले आहेत. एका धावेच्या ज्या ३६ पराभवांबद्दल वर लिहिलंय, त्यांपैकी काही अशाच एका ३-२ च्या (तीन बॉल, दोन स्ट्राइक) चेंडूवर फिरले असते. पिचरला दाद मागू देऊ नये, हे माझं ठाम मत. त्याला स्वतःचा प्रत्येक चेंडू स्ट्राइकच वाटतो.

पहाटेचा_चहा

सगळ्यांचे आभार, पुष्कळ कळलं. शेवटचं एक: मुराकामी जमला की नाही हे कधी म्हणता येईल? एप्रिल संपल्यावर?

डावखुरी

सरासरीवरून एप्रिलमध्ये काहीच म्हणता येणार नाही, तिला सगळा हंगाम लागतो. पण स्ट्राइकआउटचं प्रमाण बॅटिंगला येण्याच्या साठेक खेपांत बऱ्यापैकी स्थिर होतं, म्हणजे साधारण पंधरा सामने. वॉकला त्याच्या दुप्पट. त्यामुळे १५ एप्रिलच्या सुमारास एकच आकडा बघा: शंभर खेपांत किती स्ट्राइकआउट. ३० च्या आत असेल तर निश्चिंत राहा, सरासरी .१८० दिसली तरी. ३८ च्या वर असेल तर जूनपर्यंत त्याला डावखुऱ्या पिचरविरुद्ध बाकावर बसवायला लागतील. मधे असेल तर त्याचे फाउल बघा. वेगवान चेंडूवर मागे, सरळ जाळीकडे जाणारे फाउल म्हणजे वेळ जुळतेय, बॅट अर्धा इंच खाली राहतेय. तिसऱ्या बेसकडच्या डगआउटमध्ये जाणारे फाउल म्हणजे अजून उशीर होतोय.